विश्लेषण : मिग वेल्डिंग शिकताना आधी हात की मशीन? देखणी वेल्ड कच्ची का निघते?

पनवेलच्या एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला जेएनपीए बंदराकडे जाणारी कंटेनरची वर्दळ आणि उलव्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. अशा पट्ट्यात शेड, रेलिंग, ट्रॉली, टाक्या ते ट्रकची बॉडी असे लोखंड जोडण्याचे काम निघतच असते. त्यासाठी मिग वेल्डिंग येणारा हात लागतो. ‘रॉडपेक्षा मिग सोपे, बटण दाबले की झाले’ असे नवशिक्यांना सांगितले जाते आणि रेघ लवकर जमतेही. मात्र वरून सुबक दिसणारी ही रेघ आत पत्र्याला धरलेलीच नसेल, तर भार येताच सुटते. असे का होते, मशीन कसे लावायचे आणि सराव कसा करायचा, याचा हा आढावा.

मिग आणि ‘सीओटू’ एकच का?

मिग म्हणजे मेटल इनर्ट गॅस. रिळावरची वायर गनमधून सतत बाहेर येते, तिच्या टोकाशी आर्क पेटतो, वायर वितळून जोडात उतरते आणि भोवतीचा गॅस वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये १९४८ साली ही पद्धत ॲल्युमिनियमसाठी विकसित झाली. पुढे १९५०च्या दशकात लोखंडासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरात आला.

कार्बन डायऑक्साइड हा निष्क्रिय वायू नाही. त्यामुळे पुस्तकात या प्रकाराला मॅग म्हणतात, वर्कशॉपमध्ये ‘सीओटू वेल्डिंग’. हा गॅस स्वस्त आहे आणि वेल्ड खोल उतरवतो, पण ठिणग्या जास्त उडतात. आर्गन मिसळलेला गॅस महाग पडतो, रेघ मात्र स्वच्छ येते.

रॉडचा हात मिगवर का चालत नाही?

अनेक जण आधी रॉडवर शिकतात. तिथे मशीनवर अँपिअर लावले जातात आणि आर्कची लांबी हाताने सांभाळावी लागते. हात चुकला की रॉड चिकटतो किंवा आर्क विझतो. चूक लगेच कळते.

मिगमध्ये मशीन व्होल्टेज स्थिर ठेवते. करंट ठरतो तो प्रामुख्याने वायरच्या वेगावर. वेग वाढवला की अँपिअर वाढतात. व्होल्टेज आर्कची लांबी आणि रेघेची रुंदी ठरवते. गन थोडी वर-खाली झाली तरी मशीन आर्क सांभाळून घेते. नवशिक्याला मिग सोपे वाटते ते यामुळेच.

धोकाही यातच आहे. गन वर उचलली की टिपच्या बाहेर आलेली वायर लांबते, करंट उतरतो आणि वेल्ड उथळ होते. आर्क मात्र पेटलेलाच राहतो आणि रेघही पडत जाते. म्हणजे रॉडवर उघडी पडणारी चूक मिग मशीन झाकून टाकते.

मशीनची सुरुवात कुठून करायची?

आधी तीन गोष्टी तपासाव्यात. अर्थ क्लॅम्प गंज किंवा रंगावर नव्हे, घासलेल्या धातूवर हवा. साध्या घन वायरसाठी गन पॉझिटिव्हला जोडलेली हवी. गॅसशिवाय चालणाऱ्या फ्लक्सच्या वायरला बहुधा उलटी जोडणी लागते. टिप आणि रोलरची खाच वायरच्या मापाचीच हवी. टिपचे भोक झिजले असेल तर वायर धक्के खात येते आणि नवशिका विनाकारण आपल्या हाताला दोष देतो.

मग आकडे. साध्या लोखंडाच्या पत्र्यासाठी ढोबळ हिशेब असा, की दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर. म्हणजे ०.८ मिमी वायर आणि सीओटू गॅसवर २ मिमी पत्र्याला सुमारे ८० अँपिअर, वायरचा वेग मिनिटाला ४ मीटर आणि १७ ते १८ व्होल्ट. ३ मिमीला सुमारे १२० अँपिअर, वेग ६ मीटर आणि १९ ते २० व्होल्ट. हे सुरुवातीचे आकडे आहेत. अंतिम जुळणी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर करावी.

गॅस मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतो. जास्त सोडला तर संरक्षण वाढत नाही. झोताला भोवरे पडतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते.

सेटिंग चुकले हे ओळखायचे कसे?

आवाजावरून. पातळ पत्र्यावर वायर सेकंदाला २० ते २०० वेळा धातूला टेकून वितळत असते. जुळणी बरोबर असेल तर कढईत भजी तळताना येतो तसा सलग चरचर आवाज येतो.

वायर पत्र्यावर ठोकते, गन मागे ढकलली जाते आणि रेघ दोरीसारखी उंच बसते, तेव्हा व्होल्टेज कमी किंवा वायरचा वेग जास्त असतो. वायर टिपपर्यंत जळत जाऊन चिकटते, तेव्हा वेग कमी किंवा व्होल्टेज जास्त. रेघेच्या कडेला पत्र्यात खाच पडत असेल तर व्होल्टेज जास्त आहे किंवा हात फार वेगाने चालला आहे. वेल्डमध्ये छिद्रे दिसली तर आधी गॅस, मग गंज, तेल आणि रंग तपासावा.

दोन्ही बटणे एकदम फिरवणे ही नेहमीची चूक. मग कशामुळे काय बदलले ते कळत नाही. वेळी एकच बटण, तेही थोडे, फिरवावे.

पनवेलच्या हवेत वेगळे काय?

इथला पाऊस आणि खाडीकडची दमट हवा वायरला मानवत नाही. रीळ उघडे राहिले तर त्यावर गंज चढतो, वायर लायनरमध्ये अडखळते आणि वेल्डमध्ये छिद्रे येतात. काम संपल्यावर रीळ झाकून किंवा पिशवीत बंद करून ठेवावे. ओलसर पत्रा पुसून, कोरडा करून, जोडाची जागा ग्राइंडरने चकचकीत करूनच वेल्ड सुरू करावी.

उकाड्यात डोक्यावर किंवा बाजूला पंखा लागतोच. त्याचा झोत थेट जोडावर आला की गॅस उडून जातो. पंख्याची दिशा बदलावी किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा उभा करावा. सीओटू सिलिंडरमधून सलग गॅस घेतल्यावर रेग्युलेटर गारठून गोठतो आणि पुरवठा तुटतो. त्यासाठी असलेला हीटर जोडायचे विसरू नये. साध्या मशीनवर विजेचा दाब उतरला की बटण जागेवर असूनही वेल्ड बदलते. सकाळी जमलेले सेटिंग दुपारी बिघडले, तर हे कारणही तपासावे.

सराव नेमका कसा करायचा?

पहिल्याच दिवशी जोड करू नये. ३ मिमीच्या सपाट पट्टीवर खडूने सरळ रेघा आखाव्यात. बटण न दाबता गन रेघेवरून दोन-तीनदा फिरवावी. कोपर किंवा मनगट टेकवायला जागा आहे का आणि केबल मध्येच ओढली जाते का, ते तेव्हाच कळते. गन शक्यतो दोन्ही हातांनी धरावी.

मग प्रत्यक्ष रेघ. टिपपासून पत्र्यापर्यंत सुमारे १० मिमी अंतर आणि १० ते १५ अंशांचा कल. नजर झगमगत्या आर्कवर नको, वितळलेल्या धातूच्या पुढच्या कडेवर हवी. वायर त्या कडेलाच पडली पाहिजे. ती मागे, साचलेल्या धातूत पडत राहिली तर खालचा पत्रा वितळतच नाही.

प्रत्येक रेघेशेजारी मार्करने व्होल्ट आणि वायरचा वेग लिहावा. सेटिंग न बदलता सलग पाच रेघा सारख्या आल्या की मगच दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून लॅप जोड, नंतर टी जोड आणि शेवटी उभी वेल्ड. टी जोडात गन दोन्ही पत्र्यांच्या मधोमध, ४५ अंशांवर ठेवावी.

देखणी वेल्ड खरी की खोटी, कसे कळणार?

तोडून. वितळलेला धातू न वितळलेल्या पत्र्यावर नुसता पसरून थंड होतो, तेव्हा वेल्ड वरून छान दिसते पण पकड नसते. जाड पत्र्यावर कमी करंट, लांबलेली वायर किंवा उभ्या जोडावर घाईने वरून खाली ओढलेली गन ही त्याची नेहमीची कारणे.

सरावाच्या टी जोडाला एकाच बाजूने वेल्ड करावी आणि थंड झाल्यावर उभी पट्टी वेल्डच्या दिशेने हातोड्याने वाकवावी. हीच रीत वेल्डरच्या कसोटीतही वापरली जाते. वेल्ड तुटलीच आणि मुळाशी पट्टीची मूळ, गुळगुळीत कडा जशीच्या तशी दिसली, तर वेल्ड आत उतरलेली नाही. दुसरा तुकडा हॅकसॉने आडवा कापून कापलेली बाजू घासून पाहावी. जोडाच्या कोपऱ्यात बारीक काळी फट दिसत असेल तर करंट वाढवावा, वायरचे अंतर कमी करावे किंवा गनचा कोन सुधारावा.

जिना, रेलिंग, झोपाळ्याचा हूक किंवा गाडीची चासी असे माणसांचा भार घेणारे काम या कसोटीत सलग उतरल्याशिवाय नवशिक्याने घेऊ नये.

जपायचे काय?

१० किंवा ११ नंबरची काच, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, चामडी हातमोजे आणि बंद बूट हे किमान. नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून अंगाला चिकटतात. सिलिंडर साखळीने बांधलेला हवा. कंटेनर किंवा टाकीच्या आत सीओटू वेल्डिंग करताना ऑक्सिजन कमी होतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्यामुळे आत हवा खेळती हवी आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर घासून काढावा. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो.

शिकायचे कुठे?

आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड असून त्यात रॉड, गॅस, मिग आणि टिग या पद्धती शिकवल्या जातात. आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही त्याला प्रवेश घेता येतो. पनवेलमध्ये शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते.

वर्कशॉपमध्येच शिकणाऱ्यांनाही मार्ग बंद नाही. रोज संपताना उरलेले पत्र्याचे तुकडे, शेजारी लिहिलेले आकडे आणि एक हातोडा एवढ्यावर सराव होतो. कामावर घेताना तुकडा वेल्ड करायला दिला जातो, तेव्हा रेघ किती देखणी आहे यापेक्षा वाकवल्यावर ती टिकते का, हे पाहिले जाते.