वंशावळीतल्या नावापुढे साल लिहा
घराण्यातून इतिहास : लेखांक ६

आजी-आजोबांना कोणते प्रश्न विचारावेत, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिले. मिळालेल्या उत्तरांतून मुलांना इतिहास कसा शिकवायचा, हा आजचा विषय.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कितीतरी घरांत वंशावळ आधीच तयार असते. जात पडताळणीसाठी ती कधीतरी लिहिलेली असते. सोबत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा सातबारा, कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची नक्कल. प्रमाणपत्र मिळाले की फाइल कपाटात जाते. ती बाहेर काढा आणि मुलांपुढे ठेवा. इतिहासाची अस्सल साधने हाताळायची संधी मुलांना सहसा मिळत नाही, ती या फाइलमुळे घरातच मिळते.

मात्र नुसती नावांची उतरंड म्हणजे इतिहास नव्हे. प्रत्येक नावापुढे मुलांना तीन गोष्टी लिहू द्या : माणूस कुठे राहत होता, काय काम करत होता आणि ते ठिकाण त्याने कधी व का सोडले. तिसऱ्या प्रश्नाशी घरचा इतिहास देशाच्या इतिहासाला भेटतो. कुणाचे आजोबा 1972च्या दुष्काळात गाव सोडून आलेले असतात. कुणी गिरणीत असतात. मग 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप आणि लालबाग-परळची विकलेली खोली यांचा संबंध मुलांना आपोआप कळतो. दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला तो 1957मध्ये. म्हणजे 1955 साली बोरिवलीत राहणारे कुटुंब मुंबईबाहेर राहत होते! वेसाव्याच्या कोळी घरात मात्र प्रश्न उलटा विचारावा लागतो : आपण इथेच होतो, तर शहर आपल्या दारात कधी आले?

आमच्याकडे कुठली आली वंशावळ, असे ज्यांना वाटते त्यांनी अण्णा भाऊ साठ्यांकडे पाहावे. 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणी कुटुंबासोबत पायी मुंबईला आले. पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्यांनी लिहिले. गावाने तोंडी जपलेल्या एका बंडखोराची कहाणी त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीमुळे 1959 साली महाराष्ट्रापुढे आली. कागद नसला तरी आठवण हेही साधनच आहे.

साधन पारखायलाही मुलांना शिकवा. अनेक आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असते. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी हीच तारीख लिहीत. आजी म्हणते, ‘हे तर ऐन थंडीत जन्मलेले.’ कागद आणि आठवण यांत मेळ बसत नसेल, तर दोन्ही लिहून ठेवायचे आणि तिसरा पुरावा शोधायचा. इतिहासकारही हेच करतात.

सरकारी नमुन्याच्या वंशावळीत एक मोठी उणीव असते. ती बापाकडूनच चालते. पणजी, आजी, आत्या तिच्यात दिसतच नाहीत. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले. आपल्या घरच्या तक्त्यात ही दुरुस्ती मागच्या पिढ्यांपर्यंत नेता येते. सुनेसोबत एक आख्खे गाव, तिथली कामे, तिथली भाषा घरात येते. तिला वगळले तर निम्मा इतिहास वगळला जातो.

हा उद्योग कुळाचा मोठेपणा मिरवण्यासाठी करू नका. आपली माणसे कोणत्या काळातून, कशी वाट काढत आली, हे मुलांना कळावे यासाठी करा. या आठवड्यात चार पिढ्यांचा तक्ता मोठ्या कागदावर मांडा आणि सुरुवात पणजीच्या माहेरच्या नावापासून करा. ते सांगू शकणारे माणूस गावी असेल, तर आजच फोन लावा.