मुदतीच्या तापाची मुदत

टेंभुर्णीहून (जि. जालना) एका वाचकाने विचारले आहे, 'टायफॉइडचा ताप उतरला, मूल उठून बसलं आणि मग आतडं फुटलं, असं कसं होतं?'

टायफॉइडला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणतात. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी जिवाणू पाहिला नव्हता, पण दिवस नेमके मोजले होते! या जिवाणूची चालच फेऱ्याची. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो लहान आतड्यात उतरतो आणि तिथल्या पायर चकत्यांतून आत शिरतो. योहान पायर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये वर्णिलेल्या या चकत्या म्हणजे खरे तर शरीराच्या पहाऱ्याच्या चौक्या. चौकीतल्याच पेशींत दडून जिवाणू यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतो, पित्ताशयात वाढतो आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतो. या वेळी चौक्या सावध असतात. त्या इतक्या त्वेषाने लढतात की स्वतःच सुजतात, त्यांचे रक्त कोंडते, भाग मरतो, व्रण पडतो. एवढे होईतो तिसरा आठवडा उजाडलेला असतो.

हा व्रण आरपार गेला की आतडे फुटते. भोक बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या दोन फुटांत पडते. चकत्या आतड्याच्या लांबीने असतात, म्हणून टायफॉइडचा व्रणही उभा. क्षयाचा मात्र आडवा, आतड्याला वेढणारा. व्रणाच्या दिशेवरून सर्जनला रोगाचा माग लागावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

१९४८ मध्ये क्वालालंपूरला थिओडोर वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा करून दाखवला. पण प्रतिजैविक जिवाणू मारते, भोक शिवत नाही. ताप गेला तरी व्रण मागे उरतो, हेच वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी साधारण १ ते ३ टक्के रुग्णांत आतडे फुटते. एकट्या विडाल या रक्तचाचणीवरून दर तिसऱ्या तापाला टायफॉइड म्हणण्याची सवय मला म्हणूनच घातक वाटते. त्या गर्दीत खरा टायफॉइड हरवतो. निदान पक्के करायचे तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करावे.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस देण्याची मोहीम सुरू केली. ती लस जालन्याच्या खेड्यांतही पोचायला हवी.

तोवर एवढे कराच. मुदतीच्या तापात, ताप उतरल्यानंतरही, पोटात अचानक कळ आली, पोट फुगून कडक झाले, तर गॅस समजून घरी थांबू नका, जुलाबाचे औषध देऊ नका. ऑपरेशनची सोय असेल तिथे रुग्णाला लगेच न्या, रात्र असली तरी.