अहिल्याबाईंची खासगी आणि तुमचा गल्ला : दोन खिसे वेगळे ठेवा



औंढा नागनाथ आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं. त्याच्या जीर्णोद्धारात अहिल्याबाई होळकरांचं नाव घेतलं जातं. वेरूळचं घृष्णेश्वर, काशी विश्वनाथ, महेश्वरचे घाट अशी त्यांच्या बांधकामांची यादी लांबलचक आहे. आपण हात जोडतो आणि पुढे जातो. पण धंदेवाल्याने एक प्रश्न विचारायलाच हवा : एवढा पैसा आला कुठून?

उत्तर आहे 'खासगी'. होळकरांकडे दोन हिशेब होते. एक दौलतीचा, म्हणजे फौज आणि कारभाराचा. दुसरा खासगीचा. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना स्वतंत्र जहागीर दिली. तिचं उत्पन्न त्यांचं स्वतःचं. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरची बांधकामं मुख्यतः याच पैशातून झाली, दौलतीला हात न लावता.

हे सोपं नव्हतं बरं का. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे, 1767 मध्ये मुलगा मालेराव. कारभार अंगावर आला. सेनापती तुकोजीराव मोहिमेवरून पैसे मागायचे, त्यावरून वादही व्हायचे. तरी बाई हिशेबाला पक्क्या राहिल्या. महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले. महेश्वरी साडीवर आजही तिथली घरं चालतात. नुसतं बांधकाम केलं नाही, रोजगारही उभा केला.

त्यांच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी इंग्लंडमध्ये बेस ऑफ हार्डविक नावाची श्रीमंत बाई होती. 1590 च्या दशकात तिने हार्डविक हॉल हा प्रचंड वाडा बांधला आणि बुरुजांवर स्वतःची आद्याक्षरं कोरून घेतली. तीही हिशेबाच्या वह्या स्वतः तपासून सही करायची. एकीने स्वतःसाठी वाडा बांधला, दुसरीने लोकांसाठी घाट. सवय मात्र एकच : खर्च कुठून होतोय हे माहीत असणं.

आता तुमच्याकडे येऊ. समजा, साखऱ्यात तुम्ही हळद पावडरीचं छोटं युनिट टाकलं. महिन्याची विक्री 60,000 रुपये. हळकुंडं 42,000, दळण, पॅकिंग, वीज 6,000. उरले 12,000. आणि इथंच घोळ होतो. गल्ल्यात 60,000 दिसतात, तेवढ्यात घरात लग्न निघतं, 20,000 उचलले जातात. पुढच्या महिन्यात हळकुंडं घ्यायला पैसे नाहीत. मग व्याजाने काढा! धंदा तोट्यात नव्हता, घराने भांडवल खाल्लं.

म्हणून आजपासून तीन कामं करा :

1. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा. ग्राहकाला त्याच खात्याचा क्यूआर दाखवा. उद्या कर्ज मागायला गेलात तर बँक हेच स्टेटमेंट बघते.

2. स्वतःला पगार ठरवा. वरच्या हिशेबात 8,000. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घरच्या खात्यात टाका. लग्न, दवाखाना, सणवार, सगळं त्यातून आणि घरच्या बचतीतून.

3. उरलेले 4,000 धंद्याचा राखीव निधी. नवं मशीन, हंगामात स्वस्त मिळणारा माल, याच्यासाठीच.

अगदीच अडलं आणि गल्ल्यातून घ्यावं लागलं, तर वहीत 'उचल' म्हणून लिहा आणि परत भरा. मोठा भाऊ असो नाहीतर वडील, नियम सगळ्यांना एकच. घरातल्या माणसाला 'दुकानाचे पैसे आहेत, थांबा' म्हणणं जड जातं, मला माहितीये. पण ते एकदा म्हणता आलं की धंदा टिकतो.

आज रात्री वही घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला दौलत, दुसऱ्या बाजूला खासगी. पहिल्या महिन्यात किती 'उचल' निघाली, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!