पेढीवरच्या माणसाचे शिक्षण

गोंदिया जिल्ह्यात भातगिरणी चालविणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. जुना मिस्त्री धानाचा दाणा दाताखाली धरून त्यातील ओल सांगतो, यंत्राच्या आवाजावरून रबर रोलमधील अंतर ओळखतो. एके दिवशी तो काम सोडून गावी जातो आणि त्याच्याबरोबर अनेक वर्षांचे ज्ञानही निघून जाते. कारण ते त्याच्याकडून कोणी शिकून घेतलेले नसते.

हे नुकसान वजनात मोजता येते. शासकीय धानाच्या भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो अरवा किंवा ६८ किलो उसना तांदूळ जमा करावा लागतो. धानात साधारण १४ टक्के ओल असता भरडाई नीट होते. धान फार कोरडे असले किंवा रोल अधिक आवळला गेला, की कणी वाढते आणि तूट मालकाला सोसावी लागते. म्हणजे यंत्रावरील माणसाचे कौशल्य हेही पेढीचे भांडवलच होय.

भांडवल म्हणून माणसांकडे पाहणारे उद्योजक आपल्याच समाजात होऊन गेले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ १९१९ मध्ये मुंबईहून लंडनला निघाली. जहाज स्वदेशी झाले, तरी ते हाकणारे अधिकारी मात्र परकेच होते. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ या नौकेवर भारतीय तरुणांचे शिक्षण सुरू झाले आणि तेथून निघालेल्या तरुणांना सिंधियाने आपल्या जहाजांवर स्थान दिले. आपल्या गोंदियातही विडी-व्यवसायातील मनोहरभाई पटेल यांनी, स्वतःचे शालेय शिक्षण अल्प असूनही, १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्थेची उभारणी केली.

“शिकविले की माणूस दुसऱ्याच्या गिरणीत जातो,” ही तक्रार खोटी नाही. परंतु बहुधा तो शिकला म्हणून जात नाही. शिकूनही पगार व मान पूर्वीचाच राहिला, म्हणून जातो. नवे काम हाती आल्यावर पगारात किती वाढ होईल, हे आधीच सांगून ठेवावे. तरीही काही जण जातील. म्हणून प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना येईल, अशी व्यवस्था हवी. जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली एक तरुण द्यावा आणि शिकविण्याबद्दल मिस्त्रीलाही वेगळा मोबदला द्यावा. अन्यथा आपली जागा जाईल या भीतीने तो हातचे राखून शिकवील. शिकाऊ उमेदवार ठेवल्यास २०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग शासनाकडूनही मिळू शकतो.

वेळेचा प्रश्न उरतो. पावसाळ्यात भरडाईची घाई तुलनेने कमी असते. चातुर्मास हा समाजात श्रवणाचा व स्वाध्यायाचा काळ. त्याच महिन्यांत आठवड्यातून एक तास पेढीवरील शिक्षणासाठी राखून ठेवता येईल: एकदा ओलमापक यंत्राचा वापर, एकदा रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्राची साफसफाई, एकदा संगणकावरील हिशेब. तो तास कामाच्या वेळेतलाच असावा; सुटीनंतर थांबवून दिलेले शिक्षण शिक्षेसारखे वाटते.

शेवटची गोष्ट मालकाची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा वहीत पारंगत असलेले मुनीम एकाएकी नवखे ठरले. ज्या पेढीवर शेठजी स्वतः मुनीमजींशेजारी बसून नवी पद्धत शिकले, तेथे विचारण्याची लाज उरली नाही. जेथे “एवढेही कळत नाही?” हा शब्द ऐकू आला, तेथे चुका झाकल्या गेल्या आणि त्या पुढे दंडाच्या रूपाने उघड झाल्या.

यंदा दुकानातील वा गिरणीतील एकाच जुन्या माणसाला विचारून पाहावे: “तुम्हाला जे येते, ते दुसऱ्या कोणाला येते?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर शिक्षणाचा आरंभ कोठून करावयाचा, हे आपोआप कळेल.