ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि घरचे शिक्षण

मुलाला शाळेत न धाडता घरीच शिकवावे, हा विचार महाराष्ट्रात अधूनमधून डोके वर काढतो आणि तो बहुधा पुण्या-मुंबईकडील सुस्थित कुटुंबांचा विचार म्हणूनच ओळखला जातो. २०१६ साली मुंबईतील एका मुलीची हकीकत वृत्तपत्रांतून गाजली. सातवीत असताना तिची शाळा सुटली, ती घरी शिकली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने पदके मिळविली, आणि बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून जिला येथील आयआयटीची दारे बंद होती, तिला अमेरिकेतील एमआयटीने प्रवेश दिला. हकीकत खरी आणि स्फूर्तिदायकही. परंतु वाशिम, मानोरा किंवा मालेगावच्या एखाद्या खेड्यातून तिच्याकडे पाहिले, तर ती फार दूरची वाटते. येथे घरी शिकणारे मूल सहसा ठरवून घरी राहिलेले नसते. गावातील शाळा सातवी-आठवीला संपते म्हणून थांबलेली मुलगी, दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीवर वा वीटभट्टीवर गेलेला आणि परीक्षेच्या तोंडावर परतलेला तांड्यावरचा मुलगा, दहावीला गणितात राहून कामाला लागलेला आणि आता पुन्हा बसू इच्छिणारा तरुण, अशी ही मंडळी आहेत. यांचे घर हीच यांची शाळा असते, मग तिला कोणी तसे नाव देवो अथवा न देवो. मुद्रित व्याख्यानमालांचा प्रश्न खरे म्हणजे यांच्या संदर्भात तपासून पाहिला पाहिजे.

व्याख्याने मुबलक आहेत, याविषयी दुमत नसावे. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला आणि एकेका विषयाची संपूर्ण व्याख्यानमाला कोणालाही विनामूल्य पाहता येईल अशी सोय केली. २०१७ साली केंद्र सरकारचा ‘स्वयं’ उपक्रम सुरू झाला. त्यात राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे नववी ते बारावीचे अभ्यासक्रमही आले. ज्या घरी इंटरनेट नाही, पण छपरावर तबकडी आहे, त्यांच्यासाठी त्याच वर्षी ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाहिन्या आल्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर संगणकावरून फुकट उतरवून घेता येतात. एका पिढीपूर्वी रिसोडच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्राचा चांगला प्राध्यापक ऐकायचा असेल, तर अकोला किंवा अमरावती गाठावी लागे. आज तो प्राध्यापक त्याच्या ओसरीवर येऊन बसला आहे.

ही कल्पना आजचीही नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून पाठ दाखविण्याचा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली बालचित्रवाणी. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ही संस्था तीन दशके चालली आणि २०१७ साली बंद करण्यात आली. पैसा नाही, हे कारण पुढे झाले. पुढच्या तीनच वर्षांत, मार्च २०२० मध्ये, राज्यातील झाडून साऱ्या शाळांना कुलूप लागले आणि घरात बसलेल्या मुलांना दाखवायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. चालती गिरणी मोडीत काढावी आणि दुसऱ्या दिवशी दळणाची टोपली घेऊन दारात उभे राहावे, तशातलाच हा प्रकार.

त्या काळात धडपड पुष्कळ झाली. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठी ४८० भागांची मालिका सुरू झाली. वाशिम जिल्ह्याला तर त्या काळाची आठवण आणखी एका कारणाने राहील. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना करोनाची लागण झाल्याचे आढळले, आणि मुलांना पुन्हा एकत्र बसवावे की घरीच ठेवावे हा प्रश्न पालकांच्या जिवाला लागला. ज्यांनी घरी ठेवले त्यांना हातातल्या पडद्यावाचून दुसरा आधार नव्हता. त्या दीड-दोन वर्षांत एक गोष्ट मात्र घरोघर दिसून आली. पडदा चालू असणे आणि मूल शिकत असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. अपूर्णांकांची बेरीज घ्या. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे उत्तर देणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. वर वर मिळविले, खाली खाली मिळविले, झाली बेरीज. चांगल्या व्याख्यात्याने समच्छेद करण्याची रीत पडद्यावर कितीही सुबोध सांगितली, तरी असे मूल मान डोलावत ऐकते आणि वहीत पुन्हा दोन पंचमांशच लिहिते. वर्गातील गुरुजी पाटीवर नजर टाकतात आणि तेथेच थांबतात. ‘अर्धी भाकर खाल्लीस, वर आणखी थोडी खाल्लीस, मग अर्ध्याहून कमी कशी झाली?’ असे विचारतात. पडद्यावरील प्राध्यापक कितीही विद्वान असला, तरी त्याला ती पाटी दिसत नाही.

याउलट त्याच्याजवळ एक गुण असा आहे, की जो गुरुजींना लाभणे कठीण. तो कंटाळत नाही. साठ मुलांच्या वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणण्याचा धीर मागच्या बाकावरील मुलीला होत नाही. घरी तीच मुलगी तोच भाग सात वेळा ऐकू शकते आणि तिला हसणारे कोणी नसते. खंड पडलेल्या विद्यार्थ्याला तर ही सोय मोठीच. नववीचे व्याख्यान कळत नसेल, तर सातवीचे काढून पाहता येते. शाळेत असे मागे जाता येत नाही, कारण तेथे वर्ग पुढे जात असतो.

तेव्हा सारा प्रश्न व्याख्यान लावण्याचा नसून ते थांबविण्याचा आहे. वीस मिनिटांचे व्याख्यान वीस मिनिटांत संपले, तर ते ऐकले गेले एवढेच म्हणता येईल. उदाहरण फळ्यावर लिहिले गेले की थांबावे, ते स्वतः सोडवावे, मग प्राध्यापकाचे उत्तर पाहावे. पाठ संपला की पुस्तक मिटून चार ओळींत काय कळले ते लिहावे आणि काय कळले नाही ते निराळ्या वहीत लिहावे. असे केल्यास वीस मिनिटांच्या पाठाला तास-दीड तास सहज लागतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर एक अशी अठरा प्रवचने दिली. तेथे ध्वनिमुद्रणाचे यंत्र कोठून असणार? साने गुरुजी लिहून घेत होते, म्हणून ती पुढच्या पिढ्यांच्या हाती आली. आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, दुर्मिळ झाला आहे तो लिहून घेणारा श्रोता.

हे थांबविण्याचे काम घरात कोणी करावयाचे? येथे सुशिक्षित पालकाचा मुद्दा पुढे केला जातो आणि निरक्षर घरांना हा मार्ग बंदच आहे, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. ‘टिलीमिली’ पाहिलेल्यांना आठवत असेल, की त्यातील पाठ घरातील वस्तू आणि घरातील माणसे यांच्याभोवतीच रचलेले होते. ज्या आजीला अक्षर ओळखता येत नाही, तिलाही ‘आता मले सांग, काय समजलं तुले?’ असे विचारता येते. आजीला समजेल अशा भाषेत धडा सांगणे ही कोणत्याही लेखी परीक्षेहून सोपी गोष्ट नाही. सोयाबीन आणि तुरीच्या हिशेबावर संसार चालविणाऱ्या बापाला शेकडेवारी शिकविता येणार नाही कदाचित, पण नातवंडाने वा पोराने सांगितलेला व्याजाचा आकडा खरा की खोटा, हे तो सावकारी अनुभवावरून चटकन सांगेल.

भाषेची अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. मराठी व्याख्याने बोलतात ती पुस्तकी मराठी. वऱ्हाडात पैसे ‘भेटतात’, पडद्यावर ते ‘मिळतात’. एवढ्याने बिघडत नाही. पण पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवर ज्या मुलाची घरची बोली गोरमाटी आहे, त्याच्यासाठी पडद्यावरील मराठी ही दुसरी भाषा असते आणि त्यापुढची इंग्रजी तिसरी. वर्गातील शिक्षक त्याच परिसरातील असेल, तर तो मधूनच एखादा घरगुती शब्द वापरून वाट काढतो. मुद्रित पाठाला ही वाट ठाऊक नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतून बंजारा समाजातील शिक्षक आहेत. त्यांच्याकडून पहिल्या तीन-चार इयत्तांचे गणिताचे पाठ त्यांच्या बोलीत मुद्रित करून घेणे ही काही कोटींच्या खर्चाची बाब नव्हे.

या साऱ्यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव राज्य शासनाने मागविले, तेव्हा ग्रामीण भागातून विरोध झाला. उद्या ‘व्याख्याने घरबसल्या मिळतात, मग शाळा कशाला?’ असा युक्तिवाद कोणी केला, तर नवल वाटू नये. तो मान्य करता येणार नाही. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेचा हक्क देतो. घरी शिकण्याविषयी त्यात स्पष्ट तरतूद नाही. व्याख्यानमाला ही शाळा सुटलेल्यांसाठीची शिडी आहे. तिच्या नावावर शाळा सोडविली जाऊ लागली, तर नुकसान नेमके त्याच मुलांचे होईल. हप्त्यांनी व्याख्याने विकणाऱ्या खासगी कंपन्यांच्या दलालांबाबतही पालकांनी सावध असावे. फुकट मिळणारे पाणी बाटलीत भरून विकण्याचाच हा धंदा आहे.

शिडीच्या वरच्या टोकाला दार हवे, आणि सुदैवाने ते आहे. अमरावती विभागीय मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची नोंदणी पाच वर्षे चालते, त्यात एकेक विषय सोडविता येतो आणि दहावीला मराठी माध्यमही घेता येते. ऊसतोडीवरून परतणाऱ्या मुलाला एका हंगामात दोन विषय झेपतील, सहा झेपणार नाहीत. हे गावातील किती जणांना ठाऊक आहे? ज्या शिक्षकाला आणि ज्या कारकुनाला ठाऊक आहे, त्याने ते सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार?

उरतो तो शंकांच्या वहीचा प्रश्न. ती कोणी वाचायची? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणारी वाचनालये या जिल्ह्यातील गावोगावी आहेत. संध्याकाळी त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी दोन वर्तमानपत्रे आणि एक पंखा यांपलीकडे काही नसते. तेथे एक पडदा, एक पेन ड्राइव्ह आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर बसणारा एखादा सेवानिवृत्त गणिताचा शिक्षक, एवढी सोय झाली तर तांड्यावरच्या मुलाची ती वही कोणाच्या तरी नजरेखालून जाईल, आणि अर्धा अधिक एक तृतीयांश दोन पंचमांश का नव्हे, हे त्याला परीक्षेच्या आधी कळेल.