सोडायचा की ठेवायचा?

मुलाच्या गळाला पहिला मासा लागला की काठावर आनंद होतो आणि लगेच प्रश्न पडतो: याचं करायचं काय? हौशी मासेमारीची जी पुस्तकं आणि चित्रफिती आपल्यापर्यंत पोचतात, त्या बहुतेक सगळ्या एकच सांगतात, की फोटो काढा आणि मासा परत पाण्यात सोडा. थंड देशांतल्या नद्यांसाठी हा नियम चांगला आहे. उष्ण कटिबंधातल्या तळ्यांवर तो डोळे झाकून लावता येत नाही. इथली मोठी तळी बहुतेक धरणांनी तयार झालेली, आणि त्यांतले कितीतरी मासे माणसाने आणून सोडलेले. म्हणून मुलाच्या हाती गळ देण्याआधी त्याला त्या तळ्याची गोष्ट सांगावी, असं माझं ठाम मत आहे. सोडायचा की ठेवायचा, हे त्या गोष्टीवरून ठरतं.

पनामातलं गातून तळं हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. चाग्रेस नदीवर धरण बांधून पनामा कालव्यासाठी हे तळं केलं. 1913 मध्ये ते भरत आलं आणि ऑगस्ट 1914 मध्ये कालवा सुरू झाला. विस्तार सुमारे सव्वाचारशे चौरस किलोमीटर. आजही अवजड जहाजं समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंचीवरच्या या गोड्या पाण्यातून पलीकडच्या महासागरात जातात. तळं भरताना जंगल पाण्याखाली गेलं. त्या झाडांचे बुंधे शंभर वर्षांनंतरही कुठे कुठे पाण्याबाहेर डोकावतात, आणि त्यांच्याच आसपास सार्जेंतो नावाचा मासा राहतो. अंगाने सोनेरी-हिरवा, पाठीवरून उतरणारे तीन काळे पट्टे, शेपटीवर डोळ्यासारखा काळा ठिपका. इंग्रजीत याला पीकॉक बास म्हणतात.

मुलांना मासेमारीची गोडी लावायला याच्याइतका सोयीचा मासा क्वचितच सापडेल. तो दिवसा आणि नजरेने शिकार करतो, म्हणजे पहाटे तीनला उठायची गरज नाही. थव्याने राहतो, म्हणजे एक लागला की दुसराही लवकर लागण्याची शक्यता असते. आमिषावर तुटून पडतो, त्यामुळे ओढ इतकी स्पष्ट जाणवते की सात-आठ वर्षांच्या मुलालाही काय झालं ते सांगावं लागत नाही. चाग्रेस जिथे कालव्याला मिळते त्या गाम्बोआहून लहान होड्या निघतात, जहाजांची वाट टाळून बुंध्यांच्या खाड्यांत शिरतात आणि तिथे जिवंत छोटी मासळी गळाला लावून पाण्यात सोडली जाते.

तरीही मुलाबरोबरचा बेत मोठ्यांच्या बेताहून वेगळा हवा. लाइफ जॅकेट होडीत पाय ठेवण्याआधी अंगावर चढलं पाहिजे. गातूनमध्ये मगरी आहेत, तेव्हा हात-पाय पाण्यात सोडून बसणं नाही आणि पोहणं तर नाहीच. विषुववृत्तापासून जेमतेम नऊ अंशांवरचं ऊन सकाळी दहालाच असह्य होतं. मे ते डिसेंबर दुपारी वीज-वादळं येतात. ढग गडगडले की काठ्या खाली ठेवून काठ गाठायचा. काठी आखूड असावी आणि रीळ बटण दाबून दोर सोडता येणारी. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. त्याने एखादा मासा निसटेल, पण मुलाच्या बोटात गळ रुतला तर सहज निघेल. आणि मूल कंटाळलं की परतायचं. मोठ्यांनी ‘अजून एक मासा’ म्हणत ताटकळत ठेवलेलं मूल पुढच्या वेळी यायला तयार होत नाही.

एवढी तयारी झाली की गळ हाती देण्याआधी गोष्ट सांगायची. सार्जेंतो पनामाचा नाही, तो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या पट्ट्यातला. 1960च्या दशकात कुणीतरी तो खाजगी तळ्यात पाळायला आणला, तिथून तो चाग्रेसच्या पाण्यात निसटला आणि काही वर्षांत गातूनभर पसरला. थॉमस झारेट आणि रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचा परिणाम मांडला. तळ्यात पूर्वी सर्रास दिसणाऱ्या आठ जातींपैकी सहा जिथे हा पोचला तिथून नाहीशा झाल्या होत्या, सातवी फार उरली नव्हती. छोट्या माशांवर जगणारे पक्षीही घटले. डासांच्या अळ्या खाणारे मासे गेले तर हिवतापाचं काय, अशी शंकाही त्यांनी उपस्थित केली. पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेशी निगडित संशोधकांनी पुन्हा केलेली पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार 45 वर्षांनंतरही तळं पूर्ववत झालं नव्हतं.

म्हणून गातूनवर मासा ठेवायचा. लगेच डोक्यावर ठोका देऊन मारायचा, बर्फात घालायचा आणि घरी तळून किंवा लिंबाच्या रसात मुरवून खायचा. तडफडत ठेवायचा नाही. मारणं मुलापासून लपवू नये असं मला वाटतं. ज्याच्या ताटात मासा येतो त्याने तो कसा येतो हे पाहावं. त्याच वेळी खोटा दिलासाही देऊ नये. चार मासे खाऊन सार्जेंतो संपणार नाही. शिवाय 2016 मध्ये कालव्याची नवी, मोठी जलद्वारं सुरू झाल्यापासून समुद्रातले मासे गातूनमध्ये जास्त दिसू लागले आहेत. तळं अजून बदलतंच आहे.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची गोष्ट याच जातीची, फक्त फार मोठी. तिथे 1950च्या दशकात सोडलेल्या नाइल पर्चने मोठा धंदा उभा केला आणि छोट्या सिक्लिड माशांच्या शेकडो जाती नाहीशा होण्यात मोठा वाटा उचलला. झांबिया-झिंबाब्वेमधल्या करिबा तळ्यावरचा टायगर फिश मात्र झांबेझीचाच, तो सोडावा. पण पाणघोडे आणि मोठ्या सुसरी असलेल्या त्या पाण्यावर लहान मुलाला पहिला धडा देऊ नये.

आता आपल्याकडे. भीमेवरच्या उजनीत गळ टाकलेल्या मुलाला बहुधा चिलापीच लागेल. हा आफ्रिकेतला तिलापिया. त्याची मोझांबिक जात 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे दुसऱ्या जातीही आल्या. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावलं तरी येतो, खायला चांगला, आणि सोडून देण्याचं काहीच कारण नाही. हाच मासा सह्याद्रीतला महसीर असता तर उत्तर उलटं. महाडजवळच्या वाळणकोंडीत लोकांनी देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले. लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावांच्या काठी 1970च्या दशकापासून महसीरची पैदास होते, मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचं त्यात मोठं योगदान. मात्र तिथे वाढवलेल्या निळसर परांच्या महसीरची पिल्लं कावेरीत सोडली गेली, आणि आज कावेरीतल्या कुबडवाल्या महसीरला असलेल्या धोक्यांत त्यांची गणना होते. तो कुबडवाला 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. इथला मासा तिथे पाहुणा ठरतो, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

सोडायचा ठरला तर तोही नीट सोडावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे दमलेला मासा आपल्याकडे लवकर मरतो. ओढाताण लांबवू नये, हात ओले करूनच त्याला धरावं, तापलेल्या दगडावर ठेवू नये, आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत पाण्यात आधार द्यावा. पहिल्या पावसात चढणीच्या माशांमागे मुलांना नेणं मला पटत नाही. ती मजा मोठी असते हे खरं, पण ते मासे अंडी घालायला निघालेले असतात. पाऊस संपल्यावर शिकवावं.

आपले जलाशय रिकामे नाहीत, हेही मुलाला कळायला हवं. पुष्कळ ठिकाणी मासेमारीचे हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आणि भोई समाजातल्या घरांत हे ज्ञान पिढीजात आहे. ज्याला आपण खेळ म्हणतो ते त्यांचं पोट आहे.

तेव्हा या सुट्टीत मुलाला तळ्यावर नेणार असाल, तर आधी तिथल्या संस्थेकडे परवानगी मागा, जमलं तर एखाद्या अनुभवी मच्छीमाराला योग्य मोबदला देऊन सोबत घ्या, आणि कोणता मासा इथला, कोणता बाहेरचा, हे मुलाला त्यांनाच विचारू द्या.