कार्डावरचा चौथा रकाना

रक्त काढून झालं की सुई शिरेतून बाहेर येते आणि त्यानंतरच्या काही सेकंदांतच अनेकदा घात होतो. एका हातानं कापसाचा बोळा दाबून धरलेला असतो, दुसऱ्या हातात सिरिंज असते, आणि सुया टाकायचा पांढरा पंक्चरप्रूफ डबा असायला हवा तिथं, म्हणजे हाताशी, नसून वॉर्डच्या टोकाला ट्रॉलीखाली असतो. मग टोपण परत लावायची जुनी सवय जागी होते. टोपण पकडलेलं बोट सुईच्या नेमकं समोर येतं, पेशंट हलतो किंवा कुणी हाक मारतं, आणि हातमोज्यातून सुई आत जाते. रक्त काढायची सुई पोकळ असते, तिच्या पोटात रक्त शिल्लक राहतं. टाके घालायच्या भरीव सुईपेक्षा ती जास्त धोक्याची असते ती यामुळेच. पेशंटला एचआयव्ही असेल, तर अशा एका टोचणीतून लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस सी असेल, तर शंभरात साधारण दोनपर्यंत. हिपॅटायटिस बी असेल आणि ज्याला सुई टोचली त्याची लस झालेली नसेल, तर शंभरात सहापासून तीसपर्यंत. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. भीती मात्र आपल्याकडं या आकड्यांच्या उलट्या क्रमानं वाटली जाते. सुई टोचली की पहिला प्रश्न एचआयव्हीचाच येतो.

हिपॅटायटिस बीची भीती कमी वाटते, कारण त्यावर लस आहे हे सगळ्यांना माहीत असतं. लस खरोखरच उत्तम आहे. यीस्टमध्ये तयार केलेली पुनर्संयोजित लस 1986 मध्ये आली. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं भारतीय लस बाजारात आणली आणि किमती झपाट्यानं उतरल्या. अमेरिकेत 1983 साली आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये सुमारे 17,000 नव्या लागणी झाल्याचा अंदाज होता. 1995 पर्यंत तो आकडा 400 च्या आसपास आला, त्यात या लसीचा आणि काळजी घेण्याच्या सक्तीच्या नियमांचा दोहोंचाही वाटा होता. आपल्याकडं बाळांच्या नियमित लसीकरणात ही लस देशभर पोचली ती 2011 मध्ये. म्हणजे आज वॉर्डात काम करणारी परिचारिका, इंटर्न, लॅब टेक्निशियन, ड्रेसर, मावशी, सफाई कामगार यांपैकी बहुतेकांना ती लहानपणी सरकारी कार्यक्रमातून मिळालेली नाही. नोकरीत आल्यावर मिळाली तरच मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात जवळपास तीन कोटी लोक हा विषाणू बाळगून होते आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती. त्यामुळे कोणाचं रक्त धोक्याचं हे चेहऱ्यावरून किंवा केसपेपरवरून ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

बऱ्याच रुग्णालयांत लसीकरणाचं रजिस्टर असतं. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन रकाने, तीन तारखा, तीन सह्या. तपासणी पथक आलं की हे रजिस्टर पुढं केलं जातं आणि विषय संपतो. माझा आक्षेप इथंच आहे. हे रजिस्टर डोस मोजतं, संरक्षण मोजत नाही. तीन डोस घेतलेल्या धडधाकट प्रौढांपैकी पाच ते दहा टक्क्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार होतच नाहीत. चाळिशी ओलांडलेले, लठ्ठ, धूम्रपान करणारे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांच्यात हे प्रमाण आणखी वाढतं. त्यात हाताळणीच्या चुका मिसळतात. ही लस दंडाच्या स्नायूत द्यायची असते. कमरेत दिली तर चरबीत अडकते आणि परिणाम घटतो, तरीही ‘इंजेक्शन म्हणजे कमरेत’ ही सवय सुटत नाही. साठवणीचंही तसंच. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. उष्णतेला आपण सगळे घाबरतो, पण या लसीला गोठणं जास्त मारक असतं. घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकलेली बाटली एकदा गोठली, की लसीतली ॲल्युमिनियमची क्षारसंयुगं गुठळी धरतात. अशी बाटली वितळवून हलवली आणि बाजूला ठेवली, की न गोठलेल्या बाटलीपेक्षा तिचा गाळ लवकर खाली बसतो, वर स्वच्छ पाणी उरतं. नीट पाहणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो. पण न पाहता तीच लस टोचली गेली, तरी रजिस्टरात तारीख पडतेच.

म्हणून रजिस्टरात आणि प्रत्येकाच्या लसीकरण कार्डावर चौथा रकाना हवा, टायटरचा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजायची. दर मिलिलिटरला 10 मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त असतील तर तो माणूस सुरक्षित. ही वेळ पाळणं महत्त्वाचं आहे, आणि इथंच एक नेहमीचा आक्षेप येतो: टायटर काही वर्षांनी उतरतंच, मग मोजून काय उपयोग? उतरतं हे खरं. पण एकदा पुरेसा प्रतिसाद दिलेल्या शरीरात स्मरणपेशी शिल्लक राहतात. विषाणू आला की त्या प्रतिपिंडं पुन्हा वेगानं तयार करतात. लस घेतलेल्यांचा तीस वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला आहे आणि संरक्षण टिकतं असं दिसलं आहे. म्हणून निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. पण दहा वर्षांनी प्रथमच तपासलं आणि आकडा दहाच्या खाली आला, तर तो कधीच वर गेला नव्हता की वर जाऊन उतरला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दोन्ही शक्यतांत माणसाची स्थिती पूर्ण वेगळी असते.

हा फरक कागदी नाही, रात्री दोन वाजता तो जाणवतो. सुई टोचली आणि कार्डावर चौथा आकडा दहा किंवा त्याहून जास्त आहे, तर जखम साबण-पाण्यानं धुवायची, नोंद करायची. हिपॅटायटिस बीपुरतं आणखी काही करावं लागत नाही. आकडाच नसेल, तर टायटर काढायचं, रिपोर्टची वाट पाहायची. टायटर कमी निघालं आणि पेशंट पॉझिटिव्ह असेल किंवा त्याचं काहीच माहीत नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शोधायचं. ते वजनाच्या किलोमागे 0.06 मिलिलिटर या मात्रेत, शक्यतो 24 तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते महाग असतं, लहान गावात तर वेळेवर मिळेलच असं नाही. ‘टायटरचा खर्च कोण करणार’ असं विचारणाऱ्या व्यवस्थापनानं या रात्रीचा खर्चही हिशेबात धरावा. पाच-दहा टक्क्यांसाठी सगळ्यांना कशाला तपासायचं, हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण हजार कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयात ती पन्नास ते शंभर माणसं होतात, आणि ती कोणती हे तपासल्याशिवाय कुणालाही कळत नाही, खुद्द त्यांनाही नाही. कळलं तर उपायही आहे. तीन डोसांचा दुसरा फेरा दिला की त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना प्रतिसाद येतो. उरलेल्यांना निदान माहीत असतं, की सुई टोचली तर आपल्याला इम्युनोग्लोब्युलिन घ्यायचंच आहे.

एक आक्षेप मात्र मला खर्चाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो. ज्याला प्रतिसाद आला नाही त्याला आधीच लागण झालेली आहे का, हे पाहावं लागतं. तिथं एखादा पॉझिटिव्ह निघतो. नोकरी जाईल, सहकारी डबा खायला शेजारी बसणार नाहीत, लग्न मोडेल या भीतीनं लोक तपासणी टाळतात, आणि ही भीती निराधार नाही. पण हा आजार डब्यातून, हस्तांदोलनातून, शेजारी बसण्यातून पसरत नाही. पेशंटच्या शरीरात हात घालून करायच्या काही शस्त्रक्रिया वगळल्या तर रुग्णालयातलं बहुतेक काम असा माणूस निर्धोक करू शकतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 पासून सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. वेळेत कळलं तर यकृत वाचवता येतं. तेव्हा भीतीवरचं उत्तर तपासणी टाळणं हे नव्हे. रिपोर्ट कोण पाहील, तो कुठं ठेवला जाईल आणि त्यावरून कुणाला कामावरून काढता येणार नाही, हे रुग्णालयानं पहिलं रक्त काढण्याआधी लेखी द्यावं. तसं लेखी नसेल तर कर्मचाऱ्यानं हात मागं घेतला म्हणून त्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि या सगळ्या चर्चेत जो सर्वांत मागं राहतो, तोच सर्वांत जास्त धोक्यात असतो. परिचारिकेला सुई टोचली, तर निदान पेशंट समोर असतो, त्याचं रक्त तपासता येतं. सफाई कामगाराला सुई सापडते ती चुकून लाल किंवा पिवळ्या पिशवीत पडलेली, पिशवी उचलताना मांडीला लागलेली. ती कुणाची, किती वेळापूर्वीची, कुणाला ठाऊक नसतं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नाही. अडचण सहा महिन्यांची आहे. दोन डोस एका ठेकेदाराच्या काळात होतात, तिसऱ्या डोसच्या वेळी ठेका बदललेला असतो, कामगार तोच असतो, पण त्याचं नाव नव्या यादीत नव्यानं चढतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते किंवा सुरूच होत नाही. वास्तविक उशीर झाला म्हणून डोस पहिल्यापासून द्यावे लागत नाहीत. जिथं थांबलं तिथून पुढं द्यायचे. त्यासाठी कार्ड कामगाराच्या हातात हवं आणि त्याची नक्कल रुग्णालयाच्या रजिस्टरात, ठेकेदाराच्या कार्यालयात नव्हे. त्याच नियमांत रुजू होताना आणि नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणीही सांगितली आहे. तेव्हा रक्त काढलं जातंच. तिसऱ्या डोसनंतरची पहिली तपासणी महिना-दोन महिन्यांच्या आत धरली, तर टायटरसाठी त्यातलंच थोडं रक्त पुरतं. कामगाराला आणखी एक खाडा करावा लागत नाही.